नुन्त्सियाताचं गाणं

आमच्या रोममध्ये सिनेमा आधी मुका काढतात आणि आवाज मागाहून चिकटवतात. खरेपणा हवा म्हणून रस्त्यावरची माणसं कॅमेऱ्यापुढे उभी करायची, आणि मग त्यांच्या तोंडी आमच्यासारख्या नट्यांचे गळे कोंबायचे! माझं पोट त्यावरच चालतं, तरी डोकं फिरतं ते फिरतंच.

या वेळी पडद्यावर नुन्त्सियाता होती, आमच्या बाजारातली मासेवाली. सिनेमातही मासेवालीच, नुकताच नवरा गेलेली. त्याला पुरून येते, मासे साफ करायला बसते आणि गाते. आमचा दिग्दर्शक कॉर्रादो तिला म्हणाला होता, "हवं ते गा, आवाज नंतर घालू." तिने नाचघरातलं एक चावट गाणं म्हटलं. गल्लोगल्ली वाजणारं गाणं ते, ओठांवरून मी लगेच ओळखलं. आणि कॉर्रादोने माझ्या हातात ठेवलं चर्चमधलं मेरीमातेचं गाणं.

"अहो, तिचे ओठ तरी बघा!"

"रडणाऱ्या माणसाला ओठ दिसत नाहीत, एर्सिलिया."

"मी विचारलंय तिला. तिचा नवरा खरोखरच वारलाय. तो पिऊन आला की ती मुद्दाम हेच गायची, आणि तो चिडायचा. आता चिडायला कोणी उरलं नाही, पण तोंडाची सवय जात नाही, म्हणाली. अहो, अख्खी बाई त्या गाण्यात आहे!"

"विधवा चावट गाणी म्हणते? लोक खुर्च्या फेकतील. तू गातेस, की बाहेर बसलीय तिला बोलावू?"

बाहेर खरंच दुसरी एक नटी बसली होती. मी गायले. वर वैताग असा, की फार सुरेख गायले.

सिनेमा लागला तेव्हा नुन्त्सियाता मला ओढतच घेऊन गेली. थिएटरात तिचा सगळा बाजार लोटला होता. पडद्यावर ती मासे साफ करू लागली, माझा आवाज सुरू झाला, आणि चहूकडे नाकं ओढल्याचे आवाज. कॉर्रादोचं बरोबर ठरलं, याचाच मला जास्त राग आला.

नुन्त्सियाता मात्र रडत नव्हती. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया सोलायची थांबून ती एकटक बघत होती.

"गळा गोड आहे गं तुझा," ती हळूच म्हणाली. "पण ही बाई नवऱ्याशी कधी भांडलेलीच दिसत नाही."