तिसऱ्या पंचाची जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझ्यावर कधी कुणी धडा लिहिला नाही, कारण मी शाळेतला नव्हे, बास्केटबॉलचा फळा. बोरिवलीच्या एका व्यायाम मंडळासाठी धाकू सुताराने मला जाड प्लायवूडमधून कापले, भोवती सागाची चौकट ठोकली आणि पांढरा रंग दिला. लोखंडी खांबावर चढवल्यावर त्याने मला एक गुद्दा मारला आणि म्हणाला, "बस! आता किती पण आपटा."

पोरांनी आपटलेही. चेंडू माझ्या छातीवर आदळून जाळ्यात गेला की टाळ्या पडत. त्या टाळ्यांतला थोडा वाटा माझा आहे असे मला वाटे.

पण मला सांगायचे आहे ते जयवंतकाकांविषयी.

जयवंतकाका दहिसरच्या चाळीत राहत. दिवसा कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी पंच. लग्न केले नाही, गावी कोकणात कुणी उरले नाही. गळ्यात शिट्टी आली की मात्र ते वेगळेच दिसत. तेव्हा आमच्याकडे सामन्याला दोनच पंच असत. एक माझ्याखाली, एक मागे मैदानात. दोघांचेही डोळे चेंडूमागे धावत आणि चेंडूपासून लांब कोण कुणाला कोपर मारतो ते कुणालाच दिसत नसे. मला दिसे, पण फळ्याला तोंड कुठले?

परदेशात तीन पंच असतात हे काकांना ठाऊक होते. चौऱ्याऐंशी साली मंडळाच्या स्पर्धेसाठी त्यांनी हट्टच धरला. "अंतिम सामना तिघांनी करूया. एकदा बघा तरी!" चिटणीस दत्ताराम कंटाळून हो म्हणाले.

काकांनी दोन तरुण पंच निवडले, अनंता आणि क्षमा. क्षमा मढची, कोळ्यांची मुलगी, आवाज खणखणीत. काका खडूने जमिनीवर जागा आखून शिकवत. "एक फळ्याखाली. दुसरा त्याच बाजूला, पण मागे. तिसरा समोरच्या कडेला, एकटा. चेंडू त्या एकट्याच्या बाजूला गेला, की फळ्याखालच्याने झटकन पलीकडे जायचं. मग तो एकटा चेंडू बघेल आणि फळ्याखालची धक्काबुक्की खालच्याने बघायची. कळलं? दुसऱ्याच्या वाट्याचं बघत बसायचं नाय."

एके दिवशी सरावात क्षमाने डावीकडून काकांकडे चेंडू टाकला. तो थेट त्यांच्या कानावर बसला.

"काका! दिसला नाय तुम्हाला?"

काका माझ्या खांबाला धरून उभे राहिले. "काचबिंदू आहे गो," ते हळूच म्हणाले. "डावा डोळा गेल्यातच जमा. गेलेलं परत येत नाय म्हणतो डॉक्टर."

"मग सांगा ना दत्ताराम सरांना."

"आणि शिट्टी काढून घेतली तर? माझ्याकडे दुसरं काय आहे, क्षमा? तिघं असलो की मला थोडंच बघायला लागतं. तेवढं जमतं मला. कुणाला बोलू नकोस. पाया पडतो."

एवढा मोठा माणूस खरोखर वाकला. क्षमाने त्यांचे हात धरले आणि ती हो म्हणाली.

अंतिम सामन्याला मैदान गच्च भरले होते. काका माझ्याखाली डाव्या टोकाला उभे राहिले. तिथून सगळे खेळाडू त्यांच्या उजव्या हाताला, चांगल्या डोळ्यापुढे येत. बराच वेळ सारे झकास चालले. मग चेंडू समोरच्या कडेला एकट्या उभ्या असलेल्या क्षमाच्या बाजूला गेला. आता काकांनी पलीकडे जायला हवे होते. पण पलीकडे गेले की सगळा खेळ डाव्या हाताला येणार, अंधारात.

काका हलले नाहीत.

माझे प्लायवूड तडकेल असे मला झाले. जा काका, जा! अनंता लांब मागे होता आणि क्षमाची नजर चेंडूवर होती. खालचे काका बघतील, या भरवशावर ती होती. चेंडू माझ्यावर आपटून परतला आणि चंद्रप्रकाश नावाचा उंच मुलगा त्यासाठी उडाला. तो खाली येत असताना एकाने त्याच्या पायाखाली मुद्दाम पाय सरकवला. मी पाहिले. फक्त मी पाहिले. मुलगा मनगटावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

शिट्टी वाजलीच नाही.

"तीन तीन पंच, आणि तिघंही आंधळे!" लोक ओरडत आत घुसले. दत्ताराम तरातरा क्षमासमोर आले. "तुझी बाजू होती ना ती? लक्ष कुठे होतं? उद्यापासून मैदानात पाऊल टाकायचं नाही!"

 काकांच्या डोळ्याविषयी एक शब्द बोलली असती तर क्षमा सुटली असती. पण तिने काकांना दिलेला शब्द पाळला.

"तिला बोलू नका." काका मधे आले. "फळ्याखालची जागा माझी होती. मी गेलो नाय. मला डावीकडचं दिसत नाय, दत्ताराम. वर्ष झालं." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मग ते विव्हळणाऱ्या चंद्रप्रकाशजवळ खाली बसले आणि म्हणाले, "बाळा, माझ्यामुळे झालं." मुलाने तोंड फिरवले.

उरलेला सामना दोन पंचांनी संपवला. तीन पंचांचे नाव मंडळात पुन्हा कुणी काढले नाही. चंद्रप्रकाशचे मनगट वाकडेच सांधले आणि त्याचा खेळ सुटला. क्षमा पंच राहिली. काकांना ती दोनदा बोलवायला गेली, पण ते मैदानावर आले नाहीत. पुढे त्यांचा उजवा डोळाही गेला, असे तिने अनंताला सांगताना मी ऐकले.

मंडळाने नवा फळा आणला. मी आता पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पडलो आहे. प्लायवूडचे पापुद्रे सुटले आहेत. त्याचे दुःख नाही, लाकूड कधीतरी कुजतेच.

मित्रांनो, मला रंग द्या, असे मी म्हणत नाही. पण तुमच्यातला कुणी ठेचकाळू लागला, चुकू लागला, तर "काय झालं?" असे त्याला आधी विचारा. 'मला दिसत नाही' हे म्हणायला माणसाला एवढी भीती वाटू देऊ नका, की त्यापायी कुणाचे हाड मोडावे.