शकुनबाईची मोहरी

आनंदराव फवारणीचा पंप पाठीवर घेऊन सीधा शकुनबाईच्या मोहरीच्या बांधीत शिरला, तवा मी बाजूच्या वावरात लाखोरीची भाजी खुडून राहिली होती.

"भाऊजी, थांबा जी!" शकुनबाई धुऱ्याच्या बांधावर आडवी आली.

"वयनी, बाजूला व्हा. ढग आले आन् मोहरीवर मावा केवढा चढला! आता त फुगून भुरा पडला. रोग वाढून राहिला, माह्या मोहरीत येईन."

"रोग नाई तो. इलाज हाय."

आनंदराव तिचा दीर. भाऊ वारल्यापासून तिची अर्धा एकर बांधी आपणच वाहावी, हेच त्याच्या डोक्यात. "यंदा मोहरी गेली त पुढच्या साली बांधी माही," असं चार लोकांत बोलला होता. आन् ही बाई त्याले "बरं" म्हणून बसली! मले त असा राग आला होता तिचा.

शकुनबाईनं पदराखालून शिशी काढली. आत भुऱ्या माव्याची पानं, तोंडाले फडकं बांधलेलं.

"लाखांदूरच्या शेतीशाळेत शिकली मी. बारकी गांधीलमाशी माव्याच्या पोटात अंडं घालते. अळी त्याले आतून खाते. मावा मरून असा फुगते, आन् भोक पाडून नवी माशी निंगते. पाहा."

शिशीत मुंगीहून बारक्या काळ्या माशा फिरत होत्या.

"अशीच पानं आणून मी झाडाझाडाले बांधली. फवारलं त पह्यले ह्याच मरतीन."

"माशांच्या भरोशावर शेती करता?"

"करतो! फवारायचं असन त माह्या आंगावर फवारा. मी हटत नाई."

आनंदराव थुंकला आन् आपल्या मोहरीत जाऊन दोन पंप मारून आला. मंग आठ दिस चौकात तिची थट्टा. तिची चार-दोन झाडं वाळलीही. पर शकुनबाई रोज सकाळी पानं उलटवे, भुरा मावा पाहे आन् हसे.

पंधरा दिसांत तिची मोहरी पिवळीधम्मक झाली. आनंदरावच्या मोहरीत मावा मेला होता खरा, पर पुन्हा दुप्पट चढला. त्याले खाणारं तिथं कोणी उरलंच नव्हतं.

एका सकाळी तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला. पाठीवर पंप नाई, हातात रिकामं टोपलं.

"वयनी, थोडीशी भुरी पानं देता का जी?"

शकुनबाईनं कमरेले पदर खोचला. "पह्यले सांगा, बांधी कोणाची?"

त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी कायले नजर हटवतो!

"तुमची," तो पुटपुटला.

"जोरानं बोला. चार लोकांत बोलले होते ना?"

"तुमची हाय, वयनी! पुढच्या सालीही तुमचीच!"

"मंग या आत," शकुनबाई म्हणाली. "खालची पानं तोडा. आन् चप्पल धुऱ्यावर काढा."