साक्री रोडची अर्धी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण सध्या अर्धीच. एका बाजूने पाहिलंत तर मी नवरीसारखी लखलखते आणि दुसऱ्या बाजूने पाहिलंत तर नाकाला रुमाल लावाल. धुळ्यात साक्री रोडला एका मोकळ्या प्लॉटच्या तोंडाशी मी उभी असते. येणारे-जाणारे थांबतात, हसतात, फोटो काढतात आणि आपल्या वाटेने निघून जातात. माझे फोटो पुष्कळांकडे आहेत, पण माझी हकिकत कोणी विचारली नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच सांगून टाकावी.

मी फियाट. रंग गडद निळा. अभयकुमार शेठ म्हणून धुळ्यात सरकी-ढेपेचे व्यापारी होते, त्यांनी मला हौसेने घेतलं. मी दारात आले तेव्हा त्यांच्या पत्नीने, लाडकुंवरअक्कांनी, माझ्या बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं फुटली तसा माझा संसार सुरू झाला. शेठजी उजवीकडे स्टिअरिंगवर आणि अक्का डावीकडे, ही जागा ठरलेली. मागच्या सीटवर पाहुणे बदलत, नारळाची पोती येत, लग्नातल्या वरमाया येत. पुढच्या दोन जागा मात्र कधी बदलल्या नाहीत.

अक्कांचं माहेर चोपड्याचं. त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला तोंडपाठ होता. शेठजी गाडी चालवताना एक शब्द बोलत नसत आणि अक्का एक शब्द मागे ठेवत नसत. केळीच्या बागा लागल्या की त्या काच खाली करायच्या आणि म्हणायच्या, "जरा हळू घ्या ना, वारा किती गार आहे." शेठजी हूं की चूं न करता वेग कमी करायचे. मला तेव्हा फार सुख वाटे. लग्नसराईत तर मला मान असे. नवरदेवाला आणायला बडेजावाच्या जीपा सोडून लोक शेठजींकडे माझी मागणी करत. मी फुलांच्या माळा घालून अशी काही मिरवायचे की माझा हॉर्नसुद्धा गोड वाजे.

पुढे त्यांचा मुलगा श्रेयांस साड्यांच्या व्यापारासाठी सुरतेला गेला. तिकडे त्याने लांबलचक पांढरी गाडी घेतली. धुळ्याला आला की म्हणे, "पप्पा, ही विकून टाका. हिच्यात बसलं की पाठ दुखते." शेठजी नुसते हसायचे. ते होते तोवर मला कोणाची भीती नव्हती. एका हिवाळ्यात ते गेले. त्यांच्यामागे माझी किल्ली देवघराच्या खुंटीला गेली आणि मी पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली.

तरी अक्का मला विसरल्या नाहीत. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन त्या यायच्या. उजवीकडची चादर वर करायच्या, शेठजींचं दार पुसायच्या, त्यांची काच, स्टिअरिंग, त्यांची सीट. मग चादर सारखी करून घरात जायच्या. डाव्या बाजूकडे कधी वळल्या नाहीत. डावीकडे चादर विरून फाटली, तिथून धूळ आत शिरली, पावसाची ओल आली, दाराच्या बिजागऱ्या गंजून घट्ट बसल्या. मला वाटे, अक्का, चार पावलं इकडेही या. इथे तुम्हीच तर बसायच्या. पण मोटारीचं मन कोण वाचतो? अशी सहा वर्षं गेली.

आता दीपकचं सांगते. अक्कांच्या घरामागच्या दोन खोल्यांत दीपक आणि दिपमाला हे जोडपं भाड्याने राहतं. दीपक नरडाण्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गाड्या चमकवायचा. नुसतं पाणी मारणं नव्हे हो. सीटच्या शिवणीतली माती ब्रशने काढायची, एसीच्या जाळ्या साफ करायच्या, पिवळे पडलेले दिवे घासून पांढरे करायचे, रंगावरचे ओरखडे पॉलिशने घालवायचे. याला डिटेलिंग म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. साक्री रोडला त्याच्या काकांचा प्लॉट रिकामा होता, बोअरचं पाणी होतं, हातात कसब होतं. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

त्याने धंद्याला नाव ठेवलं होतं 'रॉयल शाईन कार डिटेलिंग स्टुडिओ'. फोनच्या स्टेटसला टाकलं, नात्यागोत्यातल्या सगळ्या ग्रुपवर टाकलं, चहाच्या टपरीवर कागद चिकटवला. महिनाभरात एकाच गृहस्थाचा फोन आला; त्यांना मुलाच्या हळदीचे फोटो काढून हवे होते. दिपमाला हसून हसून बेजार झाली. म्हणाली, "स्टुडिओ काबरं लिखं? लोकेसले वाटस, आठे फोटो काढतस."

दीपक हसला नाही. कारखान्याने त्याला सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर कंत्राट पुढे वाढणार नाही. म्हणजे जो जोडधंदा होता तोच आता धंदा व्हायला हवा होता, नाहीतर दोघांना धुळं सोडून कामाच्या शोधात सुरतेची वाट धरावी लागणार होती. अक्कांनी हे ऐकलं आणि माझ्यावरची चादर काढून म्हणाल्या, "हिला घेऊन जा. हिच्यावर हात बसव, लोकांना दाखव. उभी राहून गंजण्यापेक्षा तुझ्या कामी येऊ दे. फक्त विकायची नाही."

मला ट्रॅक्टरमागे दोर बांधून धुळ्याच्या भर देवपूर वस्तीतून ओढत नेलं. ज्या रस्त्यांवर मी नवरदेव मिरवले होते, त्याच रस्त्यांवर अशी वरात निघाली. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी दीपकने काम सुरू केलं ते उजव्या बाजूने, कारण अक्कांच्या रोजच्या फडक्यामुळे ती बाजू बरी होती, लवकर चमकणार होती. माझ्या बॉनेटच्या मधोमध त्याने चिकटपट्टीची रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडे पॉलिशचं मशीन फिरवलं. आहाहा! किती वर्षांनी माझ्या अंगावर आकाश दिसलं म्हणून सांगू! पण रेघेपर्यंत येतो न येतो तोच लाईट गेली, ती काही आली नाही. मी अर्धी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला गिरधर मोटारसायकल थांबवून बघतच राहिला. म्हणाला, "दीपकभाऊ, ही एक गाडी शे का दोन?" त्याच्यामागे आणखी दोघे थांबले. एकाने फोटो काढला. दीपक घाईघाईने बादली घेऊन उरलेली बाजू धुवायला धावला, तर दिपमालाने त्याचा हात धरला. "आते हिले हात नको लावू. हाऊच आपला फ्लेक्स शे!" मग तिने माझ्या डाव्या दारावरच्या धुळीत बोटाने धंद्याचं नाव आणि मोबाईल नंबर लिहिला. जाहिरातीचा सगळा खर्च म्हणजे तिचं एक मळलेलं बोट.

फोन यायला लागले. पण 'रॉयल शाईन' कोणी म्हणेना. दोंडाईच्याकडचा एक शेतकरी फोनवर ओरडला, "ती अर्धी गाडीवाला तूच शे का? मनी गाडी बठ्ठी धुशी ना, का अर्धीच?" असे पाच-सहा फोन झाल्यावर दीपक शहाणा झाला. त्याने धुळीतलं इंग्रजी नाव पुसलं आणि तिथे लिहिलं, 'अर्धी गाडी'. लोकांनी ठेवलेलं नाव लोकांच्या तोंडी आपोआप बसतं. ज्याची गाडी तिथून चकचकीत होऊन गेली, तो दहाजणांना सांगायचा, "त्या अर्ध्या गाडीकडे जा."

धंदा उभा राहिला हे बघून मला आनंद झाला नाही असं नाही. पण, मित्रांनो, माझ्या जिवाची काय गत झाली तेही ऐका. वाऱ्याने माझी धूळ उडाली की दीपक जुन्या चाळणीने माझ्या डाव्या अंगावर माती चाळायचा. लोकांच्या गाड्या मळून यायच्या आणि उजळून जायच्या. मला मात्र मुद्दाम मळवायचे. बघणारे रेघेपाशी उभे राहून फोटो काढत, पण दार उघडून आत कोणी बसत नसे. संध्याकाळी प्लॉटला कुलूप लागलं की दूरवर हायवेच्या गाड्यांचा आवाज येत राही. माझंही इंजिन कधीकाळी असंच गात असे, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. एकदा कुणा टवाळाने माझ्या मागच्या काचेवर बोटाने लिहिलं, 'माले बी धुई टाका.' माझ्या मनातलं नेमकं त्याने कसं ओळखलं, देव जाणे. दीपकने ते वाचलं, खो खो हसला आणि त्यावर नवी माती चाळली.

अक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. गुडघ्यांमुळे त्या घराबाहेर पडत नसत, आणि दीपक त्यांना एवढंच सांगे की गाडी छान चमकतेय. पण माझा व्हिडिओ फिरत फिरत सुरतेला पोचला. त्यांची नात आयुषी हिने तो बघून दादीला फोनवर पाठवला. पुढच्याच रविवारी दुपारी प्लॉटसमोर रिक्षा थांबली आणि काठी टेकत अक्का उतरल्या.

त्या आधी माझ्या उजव्या बाजूला आल्या. दाराच्या रंगात त्यांना आपला चेहरा दिसला असावा, कारण त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "छान केलीस रे," त्या म्हणाल्या. मग माझ्या पुढून वळसा घालून डावीकडे आल्या आणि थांबल्या. मातीचा थर, त्यावर नंबर, आणि काच इतकी मळलेली की आतली सीटही दिसत नव्हती.

"दीपक, इकडे ये. ही बाजू अशी का ठेवलीस?"

"फरक दिसावा म्हणून, अक्का. अर्धी मळकी असली की लोकांना काम कळतं."

"ते कळलं मला. पण मळकी ठेवायला माझीच बाजू सापडली?"

दीपकच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगते, त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिथे कोण बसायचं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, अक्का. आत्ता धुतो. सगळीच धुऊन टाकतो."

दिपमाला मागे उभी होती. तिचा चेहरा पडला. गिऱ्हाईक यायचं थांबेल या धास्तीने ती अगदी हळू बोलली, "मंग उद्या कोन ई आठे?"

हळू बोलली तरी अक्कांनी ऐकलं. माझा तर जीव टांगणीला लागला. सगळी धुतली जाणार, हे ऐकून मी हरखले होते, आणि त्याच वेळी या दोघांचं कसं होणार म्हणून धास्तावलेही होते. अक्कांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ती बरोबर बोलते. सगळी नको धुऊस. यांची बाजू मी रोज पुसत आले, माझ्या बाजूला मीच फिरकले नाही. तुला काय बोल लावू? आता माझी बाजू धू. यांच्या बाजूवर माती टाक."

"शेठजींच्या बाजूवर?" दीपक दोन पावलं मागे सरला. "अक्का, माझ्याच्याने नाही होणार."

"ते काही बघायला येत नाहीत, दीपक. मी येते."

एवढं बोलून त्यांनी स्वतः चाळणी हातात घेतली. शेठजींच्या दारावर माती पडायला लागली. मध्ये एकदाही त्यांनी चाळणी खाली ठेवली नाही. ज्या दाराला त्यांनी सहा वर्षं धुळीचा कण लागू दिला नव्हता, ते त्यांच्याच हाताने झाकलं जात होतं. शेठजी गेले त्या दिवशी मला जेवढं दुःख झालं नव्हतं, तेवढं त्या दुपारी झालं.

मग दीपकने डावं दार तेल घालून ओढून उघडलं. अक्का काठी बाहेर ठेवून आपल्या जागी बसल्या. दीपक बाहेरून काच धूत होता, मातीचे ओघळ उतरत होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा दिसू लागला. डोळे ओले होते. तरी काचेवर आतून बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथे राहिलं बघ." रांगेत थांबलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी कोणीही घाई केली नाही.

आता माझी डावी बाजू चमकते. 'अर्धी गाडी' हे नाव दिपमालाने शेठजींच्या दारावर लिहिलं, तेही अक्कांना विचारून. लोकांना काय, कुठली का अर्धी असेना, ते येतातच. दीपक धुळ्यातच राहिला. अक्का त्यानंतर दोनच रविवार येऊन बसल्या. मग गुडघे फारच धरले आणि श्रेयांस त्यांना इलाजासाठी सुरतेला घेऊन गेला. त्या परत कधी येतील, हे मला कोणी सांगत नाही. दीपक त्यांची काच न चुकता पुसतो. आत ती सीट रिकामी असते.

मित्रांनो, वस्तू पुसून जपून ठेवाव्यात, हे तुम्हाला शाळेत शिकवतात, ते खरंच आहे. गेलेल्या माणसाच्या फोटोलाही जरूर हार घाला. पण त्याच फोटोखाली कोणी एकटं बसलेलं असतं, ते बघा. माझ्यावरची धूळ वर्षानुवर्षं थांबून राहिली आणि अर्ध्या तासात निघाली. माणूस असा थांबून राहत नाही. म्हणून फडकं नंतर घ्या. आधी दार उघडा आणि शेजारी जाऊन बसा.