एकाहत्तराव्या गोलचा चेंडू

मित्रांनो, मी एक जुना, लांबोडका, लाल चामड्याचा चेंडू आहे आणि मला या काचेच्या कपाटात बसायचे नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातला, पण माझे नाव झाले ते लंडनमधल्या क्रॉयडनच्या मैदानावर. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मला किक मारून मधल्या दोन उंच खांबांमधून पाठवले तर गोल होतो आणि सहा गुण मिळतात. खांबाला चाटून गेलो तर एकच गुण मिळतो. २००४ साली आमच्या क्लबात नागपूरचा सॉफ्टवेअरवाला यतीन आला, तेव्हा ऑस्ट्रेलियन गड्यांनी त्याला पाण्याच्या बाटल्या भरायला ठेवले. पठ्ठ्या हटला नाही. तो मला ट्राममध्ये मांडीवर घेऊन घरी नेई आणि ऑफिस सुटल्यावर एकटाच सराव करी. थेंबे थेंबे तळे साचते. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचे सत्तर गोल झाले आणि त्याने क्लबचा एका मोसमातला विक्रम गाठला. मोडायला आणखी एक हवा होता, पण सामना एकच उरला होता आणि सप्टेंबरात त्याचा व्हिसा संपत होता.

त्याच वेळी त्याची आई, सुप्रभाबाई, नागपूरहून आल्या होत्या. चौतिसाव्या वर्षी गुडघे फोडून काय मिळणार, असे त्या रोज विचारत. पण सामन्याच्या सकाळी माझे भेगाळलेले चामडे पाहून त्यांना दया आली. त्यांनी मला खोबरेल तेलाने माखले आणि गुपचूप बॅगेत ठेवले.

मग काय, मी ज्याच्या त्याच्या हातातून निसटू लागलो. यतीनची पहिली किक भरकटली. दुसरी खांबावर आदळली आणि मी गोलमागे खुर्ची टाकून बसलेल्या सुप्रभाबाईंच्या पायाशी येऊन पडलो. समोरचा कप्तान चेंडू बदलायला सांगू लागला. यतीनने ठणकावले, की चेंडू सगळ्यांनाच सारखा निसरडा आहे, तो बदलायचा नाही. माझी छाती फुगली.

मला न्यायला तो आईपाशी आला. सुप्रभाबाईंनी अंगावरच्या शालीने मला घसघसून पुसले.

"मी लावलं, मीच पुसलं," त्या म्हणाल्या. "आता थांबू नकोस. मार."

शेवटच्या मिनिटाला यतीनने मला हवेत झेलले, म्हणून आमच्या नियमाप्रमाणे त्याला कुणी न अडवता निवांत किक मिळाली. त्याने मारली. मी सरळ दोन खांबांच्या मधून गेलो आणि गोलपंचाने दोन्ही पांढरी निशाणे फडकावली. एकाहत्तर!

यतीन नागपूरला गेला, मी क्लबच्या कपाटात गेलो. आज २००९ साल आहे. माझ्यातली हवा गेली आहे आणि काचेवर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. मित्रांनो, जपणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. बहात्तरावा गोल मारायची ज्याची हिंमत असेल, त्याने हे कपाट उघडावे. मला पुसा, हवा भरा, तेल मात्र लावू नका. आणि थांबू नका. मारा.