आठात एक

"ही बत्तीस अपिलं नामंजूर कशी?" नव्या मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं. "यांची तर सुनावणीच झाली नाही. अर्जदारांनीच मागे घेतलीत."

"पहिल्यापासून तशीच धरतो आपण," टक्केकाका म्हणाले.

"मग पहिल्यापासून चुकतंय. सुनावणी झालेलीच मोजा."

बांधकामाची परवानगी नाकारली की लोक ज्या कचेरीत अपील करायला येतात, तिथले हे कारकून. एकोणीस वर्षं एकच टेबल. प्रत्येक निकाल ते स्वतःच्या लांबोड्या वहीत उतरवून ठेवायचे. कुणी केविलवाणं होऊन विचारलं, "काका, जमेल का हो?" की वही उघडायची आणि आकडा सांगायचा. त्यासाठी कुणाचा कधी चहासुद्धा प्यायला नाही. कुणाला खोटी आशा लावायची नाही, याचाच काय तो त्यांना अभिमान.

अंगणातली वाढीव खोली, असं वहीतल्या त्या बत्तीस अपिलांच्या पानाचं नाव. चाळीस अपिलं, मंजूर पाच. म्हणजे आठात एक. आता बत्तीस वगळली. उरली आठ, आणि मंजूर तीच पाच.

काकांनी तीनदा मोजलं. मग बत्तीस नावं एकेक करून वाचली. ही माणसं याच टेबलाशी आली होती. आकडा ऐकून हिरमुसली आणि अपील मागे घेऊन गेली. काकांनी त्यांना नामंजुरांत टाकलं, आणि पुढच्याला त्याहून वाईट आकडा सांगितला.

तेहतिसावी त्यांची सख्खी बहीण. तिने तर अपील केलंच नाही.

दाजींचं अर्धं अंग गेलं, वरच्या घराचा जिना चढवेना, तेव्हा ताईने अंगणात एक खोली बांधली होती, बाजूला न्हाणीघर, दारापर्यंत सिमेंटचा उतार. परवानगी मागाहून मागितली, ती नाकारली गेली. अपिलाला तीस दिवस होते. "तू म्हणशील तसं," ताई म्हणाली होती. आणि काका म्हणाले होते, "आठात एक, ताई. कशाला जिवाला घोर? पाडून टाक." ती मुदत संपून चार महिने झाले होते.

काका अर्धी रजा टाकून ताईकडे गेले. ती अंगणात चादरी वाळत घालत होती. खोली गेली होती, उतार तेवढा राहिला होता. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे मिळाली असती?" ताईने विचारलं.

"आठात पाच."

तिने हातातली चादर नीट पसरली, चिमटे लावले. "चौघांनी खुर्चीत घालून वर नेलं रे त्यांना. लहान मुलासारखे रडत होते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी चार ठिकाणी विचारलं असतं. तू म्हणालास, म्हणून कुठेच विचारलं नाही."

काकांना रडू फुटलं. ताईने त्यांना थोपवलं नाही.

"वर जा. भेटून ये," ती म्हणाली. "पण हे त्यांच्याजवळ बोलायचं नाही. एवढं कर."

दाजी वरच्या खोलीत भिंतीशी टेकून बसले होते. चार महिन्यांत ते जिना उतरले नव्हते. मेहुण्याला पाहून त्यांचा निम्मा चेहरा खुलला.

"या, साहेब! आज रजा?"

"अर्धी."

"बरं झालं आलात." दाजींची जीभ अडखळत होती. "हिला मी नेहमी सांगतो, तुमच्यासारखा माणूस घरात होता म्हणून वाचलो. नाहीतर लोक उगाच वर्षवर्ष हेलपाटे घालतात. हो की नाही?"

ताई पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिने भावाकडे पाहिलं नाही.

"हो," काका म्हणाले.

"खाली तो उतार आहे का अजून? इथून दिसत नाही."

"आहे."

"तेवढा ठेवा म्हणावं. छान जमला होता."

काका खाली आले. अंगण ओलांडायला सरळ वाट त्या उतारावरूनच होती. त्यावर पाय न देता ते कुंपणाच्या भिंतीला खेटून, कडेकडेने गेले.