खिडकीकडचा हात

चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून क्रीम. कानांच्या पाळ्या विसरायच्या नाहीत.

भोवरीवर लावायची, मधोमध औषधाचा ठिपका असलेली गोल चिकटपट्टी.

बस चालवणाऱ्याचा खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा काळा होतो.

आभाळ भरलेलं असलं तरी लावायचं. ऊन काचेतूनही येतं.

न्हाणीघरात वजरीने नवऱ्याचा पाय घासताना थोडं रक्त आलं. "येऊ दे," ती म्हणाली, "मुळासकट निघतेय."

दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. हे मात्र कोणी ऐकत नाही.

*

हे सगळं सांगणारी बाई त्वचेच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. नर्सिंग शिकलेली नव्हती, पण पेशंट तिला सिस्टर म्हणत. पुढे पुढे डॉक्टरही म्हणू लागल्या, आणि घरी नवरा चिडवायला सिस्टरबाई म्हणू लागला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की पुढचं सगळं तिच्याकडे. तोंड कशाने धुवायचं, टोपीची कड किती रुंद हवी, भर दुपारी बाहेर का पडायचं नाही. बोलताना हात आपोआप चालायचे. पाळ्या म्हणताना कानाला, मान म्हणताना मानेला.

नवरा बस चालवायचा. रोज सकाळी तो चहा पिताना ती त्याच्या खिडकीकडच्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत क्रीम चोपडायची.

"भिंत रंगवतेयस का?"

"गप्प बसा. हलवू नका हात."

"आता दोन्ही हात एका आईचे वाटतात बघ. आधी एक सावत्र होता."

या हाताचा तिला अभिमान होता. पेशंटना ती त्याचं उदाहरण द्यायची.

*

त्या दिवशी एक म्हातारी मावशी तपासणीच्या खाटेवर पाय सोडून बसली होती. खाजेची तक्रार होती आणि बोलायची हौस.

"मला तुमचं ते क्रीम-बीम नको. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. ऊन नाही तर डाग नाही."

"चेहऱ्यापुरतं खरंय," डॉक्टर हात धुता धुता म्हणाल्या. "पण वाईटातला वाईट डाग, कॅन्सरचा, आपल्यासारख्या सावळ्या माणसांना बहुतेक तळपायावरच निघतो. नाहीतर नखाखाली. उन्हाचा काही संबंध नाही. लोक त्याला भोवरी-कुरूप समजून पट्ट्या चिकटवत बसतात."

"अगं बाई. मग बघायचं तरी कसं? मला वाकता येत नाही."

"घरातल्या कुणाला तरी बघायला सांगायचं."

सिस्टर ट्रेमध्ये कापूस भरत होती. ती भरतच राहिली. ट्रे भरून कापूस खाली पडू लागला तरी तिचा हात थांबेना.

उजवा पाय. अंगठ्याखालचा चवडा. दिवसभर त्याच पायाने पेडल दाबायचं, तिथे भोवरी होणार नाही तर काय होणार? डेपोत निम्म्या ड्रायव्हरांना असते. भोवरीच ती. भोवरीच असू दे. काळपट दिसते, कारण पट्टीच्या औषधाने कातडी काळवंडते. कड वेडीवाकडी आहे, कारण वजरी लागली. एकेका गोष्टीला तिच्याकडे कारण होतं, आणि एकही कारण जागेवर टिकत नव्हतं.

तिने पॅसेजमध्ये जाऊन फोन लावला.

"जेवणाच्या सुट्टीत इकडे या."

"डबा विसरलो का मी?"

"या म्हणते ना."

*

तो गणवेशात आला. दारातूनच म्हणाला, "काय मॅडम, आज फुकटात फेशियल का?" आणि नेहमीच्या सवयीने बाही वर सारून हात पुढे केला.

"हात नाही," ती म्हणाली. "बूट काढा."

तो खाटेवर बसला. बूट तिनेच काढला, मोजाही. पट्टी निघेना. नखाने उचकटताना तिची बोटं घसरत होती.

"हळू गं. माझाच पाय आहे तो."

डॉक्टरांनी दिवा ओढला, डोळ्याला भिंग लावलं. एरवी भिंग लावूनही त्या बोलत असत.

"किती दिवस झाले याला?"

सिस्टरने तोंड उघडलं, पण आवाज त्याचा आला.

"मला तर आत्ता आत्ता कळलं, मॅडम. हिला ठाऊकच नव्हतं. आपला मीच लावत होतो पट्ट्या, लपूनछपून. हिला कळलं असतं तर डोकं खाल्लं असतं माझं."

सोलून निघालेल्या पट्टीकडे डॉक्टरांनी पाहिलं. तसल्या पट्ट्यांचा खोका याच खोलीतल्या कपाटात असायचा.

"आडवे व्हा जरा."

त्यांची बोटं जांघेत दाबत फिरली. एका जागी थांबली. दुसऱ्या बाजूला गेली आणि परत त्याच जागी आली. बोटं अशी परत येतात तेव्हा काय असतं, हे सिस्टरने बऱ्याच पेशंटच्या उशाशी उभं राहून पाहिलं होतं. तिनेच विचारलं.

"गाठ आहे का, मॅडम?"

"आधी तुकडा तपासू या," डॉक्टर म्हणाल्या. "मी सर्जनशी बोलते. आजच." जाताना त्यांनी दार ओढून घेतलं. असं दार त्या कधी ओढत नसत.

*

"दुपारची बस आहे माझी," तो म्हणाला.

"जायचं नाही."

"बरं."

त्याने हुज्जत घातली नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली. तो अनवाणी पाय हवेत अधांतरी धरून बसला होता, जणू ओल्या फरशीवर टेकवायचा नव्हता. ती मोजा हातात घेऊन उभी होती. घालावा की घालू नये, कळत नव्हतं.

"खोटं का बोललात?"

"तुझी नोकरी आहे इथे."

"अहो, मी रक्त बघितलं होतं. मी वजरीने..."

"मोजा ठेव तो." त्याने बाहीचं बटण काढलं आणि खिडकीकडचा हात तिच्यापुढे केला. "लाव. सकाळी लावलेलं कधीच उतरलं असेल. तूच सांगतेस ना सगळ्यांना, पुन्हा लावायचं म्हणून."

"आता कशाला?"

"लाव गं."

तिने टेबलावरची नमुन्याची ट्यूब उचलली. कोपरापासून सुरुवात केली. मनगट, मग बोटांच्या मधल्या जागा, त्या ती कधी सोडत नसे. तो खिडकीबाहेर बघत होता. हात त्याने जराही हलवला नाही.

तो पहिल्यांदा म्हणाला होता, "पायाला काय उठलंय बघ गं," तेव्हा तो ठिपका मोहरीएवढा होता. ती त्याच्या हाताला क्रीम लावत होती, आणि खाली न बघताच "भोवरी असेल" म्हणाली होती.