खिडकीतले सहा चंबू

“अहो, बघा तरी! हिरवं झालं!”

मॅडमनी काचेचा चंबू माझ्या नाकासमोर धरला. या शेवाळाच्या प्रयोगशाळेत चंबू धुण्यात आणि पाणी भरण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, पण मॅडमना एवढं हरखलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चंबूच्या तळाशी दोन वर्षं नुसतं लाल, वाळकं पूट होतं. चार दिवसांपूर्वी त्यांनी त्यात ताजं पाणी आणि खत घातलं होतं.

“म्हणजे मेलं नव्हतं?” मी विचारलं.

“छे! उपाशी ठेवलं, उन्हात टाकलं, की हे शेवाळ जाड कवच करून आत बसतं. तो लाल रंग म्हणजे त्याची छत्री. दिवस बरे आले की पुन्हा हिरवं. मावशींच्या चुकीचं सोनं झालं म्हणायचं!”

कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी ओशाळं हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक मावशींची नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी फळी पुसायची म्हणून ते सहा चंबू मीच खिडकीत ठेवले होते. तेवढ्यात घरून फोन आला, वडील जिन्यावरून पडले. मी तसाच धावत सुटलो. मॅडमही तेव्हा परगावी होत्या. दहा दिवसांनी परत येतो तर पाणी आटलेलं, शेवाळ लालभडक आणि मॅडमच्या सहा महिन्यांच्या कामावर बोळा फिरलेला. “हे खिडकीत कुणी ठेवले?” त्यांनी विचारलं. मी चकार शब्द काढला नाही. नुसतं मावशींकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, “माझ्याकडूनच झालं असेल, बाई. खिडकी मीच पुसते ना.”

तेव्हापासून मावशींनी चंबूंच्या मांडणीला बोट लावलेलं नाही. साधी खुर्ची सरकवायची तरी विचारतात.

मॅडम जेवायला गेल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. “मावशी, ते चंबू मी ठेवले होते. मला तेव्हाही माहीत होतं. मी गप्प बसलो.”

मावशी स्टुलावर टेकल्या. बराच वेळ फडकं पिळत राहिल्या. त्यात पाणी उरलं नव्हतं.

“मला वाटलं, माझं डोकंच गेलं,” त्या म्हणाल्या. “आपण ठेवलेलं आपल्याला आठवेना म्हणजे काय! गॅस तीन-तीनदा बघते. नातीला शाळेतून आणायचे ना मी? ते सोडलं. सून म्हणायची, आणा हो. मीच नको म्हटलं. रस्त्यात काही विसरले तर? आता ती मोठी झाली. एकटी येते. हात धरू देत नाही.”

“मावशी, चार शिव्या तरी घाला.”

“त्यानं काय होणार? बाई आल्या की त्यांना सांगा. मी इथं उभी असताना सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो. मान काही वर होईना.

मावशी उठल्या. हात कोरडे केले. मांडणीपाशी जाऊन तो हिरवा चंबू दोन्ही हातांनी उचलला, खालची फळी पुसली आणि तो होता तिथेच ठेवला. मग शेजारचा उचलला.

जिन्यात मॅडमची पावलं वाजली. मी उभा राहिलो. मावशींनी तिसरा चंबू हातात घेतला.